धूळ मोजण्याआधी समिती

डिचोली किंवा सांगे तालुक्यात खनिजवाहतुकीच्या रस्त्यालगत राहणाऱ्या लोकांच्या फुफ्फुसांवर धुळीचा काय परिणाम होतो, हे तपासायला केंद्र उभारायचे ठरले की पहिली चर्चा यंत्रांची होते. खरे तर पहिल्या दिवशी तीन गोष्टी कागदावर यायला हव्यात: निर्णय कोण घेणार, त्याला कोण अडवू शकणार आणि अडवल्यावर त्याने किती दिवसांत उत्तर द्यायचे.

पर्यावरणीय आरोग्याचे संशोधन एका विषयात मावत नाही. गोव्यात त्याचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी आहेत: रुग्ण बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात, रसायनशास्त्र ताळगावच्या विद्यापीठात, नदी आणि समुद्राचे ज्ञान दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत. म्हणून संचालक डॉक्टर असेल, तर उपसंचालक मोजमापाचा जाणकार हवा. संचालक रसायनशास्त्रज्ञ असेल तर उलट. उपसंचालकाचे पद शोभेचे नाही. रक्त-लघवीचे नमुने उणे ८० अंशांवर वर्षानुवर्षे राहतात. संचालक बदलला किंवा पावसाळ्यातल्या रात्री वीज गेली, तर त्या फ्रीझरची जबाबदारी कोणाची, हे नावानिशी ठरलेले असावे.

अंतर्गत समितीत प्रयोगशाळांचे प्रमुख आणि संख्याशास्त्रज्ञ असतात. ती दर महिन्याला बसावी. तिच्यापुढे काय यायला हवे, याचे एक उदाहरण घेऊ. सूक्ष्म धूलिकण, म्हणजे पीएम २.५, मोजणारे यंत्र मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढते. २४ तासांत सुमारे २४ घनमीटर. आपल्या २००९ च्या हवेच्या गुणवत्तेच्या मानकानुसार २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे मर्यादेवरच्या हवेतही फिल्टरवर जेमतेम १.४४ मिलिग्रॅम धूळ बसते. गोव्याच्या दमट हवेत फिल्टरने ०.१ मिलिग्रॅम ओलावा जास्त धरला, तर आकडा घनमीटरला सुमारे चार मायक्रोग्रॅमने फुगतो. म्हणून वजनापूर्वी आणि नंतर फिल्टर ठरावीक तापमानाच्या, ठरावीक आर्द्रतेच्या खोलीत दिवसभर ठेवावे लागतात. ती खोली आठवडाभर बंद होती, हे वर्षाअखेरीच्या अहवालात कळून उपयोग नाही. संख्याशास्त्रज्ञाचेही तसेच. किती माणसे तपासायची हे त्याला आधी विचारायचे. आकडे हाती आल्यावर तो फारसे वाचवू शकत नाही.

बाह्य सल्लागार समिती वर्षातून एकदा बसली तरी पुरे, पण ती खरोखर बाहेरची हवी. अमेरिकेत पर्यावरणीय आरोग्य केंद्रांना मुख्य अनुदान देणारी राष्ट्रीय संस्था अशी समिती मागतेच. शिवाय लोकसंपर्काचा स्वतंत्र विभाग आणि नव्या संशोधकांच्या छोट्या प्राथमिक प्रकल्पांसाठी निधीही मागते. पाच ते सात सदस्य पुरतात. संचालकाबरोबर अलीकडे शोधनिबंध लिहिलेला माणूस त्यात नको. खाण कंपनीचे मानधन घेणारा आणि खाणींविरुद्धच्या दाव्यात तज्ज्ञ म्हणून उभा राहणारा, या दोघांनीही बैठकीच्या सुरुवातीला तसे लेखी सांगावे आणि त्या विषयापुरते बाहेर जावे. अशा समित्या बहुधा एकाच ठिकाणी फसतात. शिफारशी नोंदवल्या जातात, पण उत्तर कोणी देत नाही. प्रत्येक शिफारशीवर संचालकाचे तीस दिवसांत लेखी उत्तर, ‘मान्य नाही, कारण…’ असे असले तरी चालेल, हा नियम केंद्राच्या घटनेतच घालावा.

आता गावाची समिती. ती प्रश्नावली छापण्याआधी बसली पाहिजे, कारण प्रश्नावलीतल्या चुका तिलाच दिसतात. फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत काजूचा हंगाम. सकाळी दहाला घरोघरी गेलात तर घरी म्हातारी माणसेच भेटतील, आणि तपासलेल्या माणसांचा नमुना वाकडा होईल. त्याच महिन्यांत फेणीच्या भट्टीवर बसणारा माणूस तासन्‌तास लाकडाचा धूर घेतो. तो प्रश्न फॉर्मवर नसेल, तर त्याचा खोकला खनिजाच्या धुळीच्या नावावर जमा होईल. पावसात वाहतूक थांबते आणि धूळही बसते, तेव्हा जुलै आणि जानेवारीची मोजणी एका सरासरीत ढकलता येत नाही. ट्रकमालक, पंच, अंगणवाडी सेविका, बागायतदार, सगळ्यांना जागा द्यावी आणि बुडालेल्या दिवसाची मजुरीही. ग्रामसभेपुढे ठेवायचा मजकूर कोकणी आणि मराठी, दोन्हींत हवा.

माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी नीतिमत्ता समिती या सगळ्यांपासून वेगळी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तिच्यात ७ ते १५ सदस्य असतात, निदान निम्मे संस्थेबाहेरचे; अध्यक्ष बाहेरचा, सचिव संस्थेचा. संस्थाप्रमुखाला तिच्यात बसता येत नाही. सल्लागार समितीने ‘उत्तम’ म्हटले, म्हणून इथली परवानगी गृहीत धरू नये.

शेवटचा अधिकार निकाल सांगण्याचा. फुंकर चाचणीत फुफ्फुसांची क्षमता कमी निघालेल्या माणसाला त्याचा आकडा शोधनिबंध छापण्याआधी मिळायला हवा. त्या पत्रावर कोणाची सही, कोणत्या ओपीडीत कधी जायचे, आणि फोन आला तर कोण उचलणार, हे गावाच्या समितीने पहिल्या फुंकरीआधीच संचालकाकडून लिहून घ्यावे.