‘हॅड’ आलं की पुढे ‘वुड हॅव’च?

गाइडांपासून क्लासच्या नोट्सपर्यंत इंग्रजी व्याकरणाचा एक नियम वर्षानुवर्षं फिरतोय: ‘इफ’च्या भागात ‘हॅड’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप आलं, की पुढे ‘वुड हॅव’च हवं. दुसरं काही लिहिलंत तर मार्क गेले.

हे अर्धंच खरं. परिणामही भूतकाळातच संपला असेल, तर ‘वुड हॅव’ ठीक: ‘इफ आय हॅड लेफ्ट अर्लियर, आय वुड हॅव कॉट द ट्रेन.’ पण परिणाम आज भोगत असाल तर? ‘इफ आय हॅड कॉट द ट्रेन, आय वुड बी इन नागपूर नाऊ.’ गाडी चुकली काल रात्री, नागपुरात नाही ते आत्ता. हे वाक्य शंभर टक्के शुद्ध आहे. खात्री नसेल तर पहिल्या वाक्यात ‘वुड हॅव कॉट’ऐवजी ‘माइट हॅव कॉट’, म्हणजे कदाचित मिळाली असती, हेही चालतं.

गंमत म्हणजे मराठीत हा फरक आपण न शिकता करतो: ‘गाडी मिळाली असती, तर आत्ता नागपुरात असतो.’ दुसऱ्या भागात ‘असतो’ एकटाच उभा आहे.

आपली खरी चूक भलतीच आहे. ‘तू सांगितलं असतंस तर मी आलो असतो’ यात ‘अस’ दोन्हीकडे येतं, म्हणून इंग्रजीतही आपण ‘इफ यू वुड हॅव टोल्ड मी’ म्हणून मोकळे होतो. अमेरिकेत बोलताना हे कानावर पडतंही. पण पेपरात किंवा अर्जात ‘इफ यू हॅड टोल्ड मी’ असंच लिहा.