लॉ लायब्ररीतलं डिजिटल काम

लॉ लायब्ररीतलं डिजिटल काम म्हणजे कायद्याच्या ग्रंथालयातले जुने निवाडे, कायदे, गॅझेट, प्रबंध स्कॅन करून ते शोधता येतील असे ठेवणं, आणि त्याच्याच जोडीला तिथल्या प्राध्यापकांचं नि विद्यार्थ्यांचं लिखाण नीट प्रकाशित व्हावं, फुकट वाचता यावं, दहा वर्षांनी पण सापडावं याची व्यवस्था बघणं. या दुसऱ्या भागाला स्कॉलरली कम्युनिकेशन म्हणतात. मराठीत त्याला सरावाचा शब्द अजून झालेला नाही, संशोधन-प्रसार म्हटलं तर अर्थ बऱ्यापैकी पोचतो. आपल्याकडे या कामाची वेगळी पोस्ट फार कमी ठिकाणी असते, माणूस लागतो असिस्टंट लायब्रेरियन म्हणून आणि मग स्कॅनर, सर्व्हर, जर्नलची वेबसाइट, प्रबंधांचं अपलोडिंग सगळं हळूहळू त्याच्याच टेबलावर येतं.

माझ्या मते या सगळ्याचा गाभा एकच, सायटेशन, म्हणजे दिलेला संदर्भ, उघडलं पाहिजे. वकील कोर्टात उभं राहून जो आकडा सांगतो, विद्यार्थी तळटीपेत जी लिंक देतो, त्याच्यामागे खरंच कागद असला पाहिजे आणि तो कोणालाही बघता आला पाहिजे. कायद्यात हे जास्तच लागतं कारण इथे ऐंशी वर्षांपूर्वीचं पान आजच्या केसला लागू पडतं.

नागपूरचा संदर्भ

नागपूर ही ब्रिटिश काळात मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. आधी इथे ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट होतं, १९३६ साली नागपूर हायकोर्ट झालं, सिव्हिल लाइन्समधली हेन्री मेडनी डिझाइन केलेली दगडी बिल्डिंग १९४० मध्ये सुरू झाली. मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि ते हायकोर्टच राहिलं नाही, मध्य प्रदेशचं हायकोर्ट जबलपूरला गेलं आणि नागपूरला मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ आलं, जे आज विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांचं बघतं. म्हणजे वीस वर्षं चाललेलं एक कोर्ट, त्याचे निवाडे आजही दोन राज्यांच्या कामाचे, पण त्या निवाड्यांना स्वतःचं असं घर नाही. इंडियन लॉ रिपोर्ट्स या निवाड्यांच्या छापील खंडांची नागपूर सिरीज होती, तिचे खंड जुन्या वकिलांच्या ऑफिसात, बारच्या लायब्ररीत, कॉलेजच्या कपाटात सुटे सुटे दिसतात. दुसरीकडे ऑल इंडिया रिपोर्टर, ज्याला देशभरातले वकील एआयआर म्हणतात, ते याच गावातून निघतं. १९१४ पासूनचे निवाडे त्यात आहेत. कायद्याचं छापील साहित्य तयार करणारं हे गाव आहे, म्हणून ते जपायची जबाबदारी पण इथल्या लायब्रऱ्यांवर थोडी जास्त येते असं मला मनापासून वाटतं.

एक उदाहरण पुरे. एआयआर १९४७ नाग १, म्हणजे एआयआरचा १९४७ चा खंड, नागपूरचा भाग, पान १. भगवती चरण शुक्ला यांची केस, वर्तमानपत्रावर सरकारनी केलेल्या कारवाईची. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी त्यात म्हटलं की शब्दांचा परिणाम मोजायचा तर तो समजूतदार, खंबीर, धीट माणसाच्या मापानी मोजा, जो जरा काही झालं की घाबरतो किंवा ज्याला प्रत्येक विरोधी मतात धोका दिसतो त्याच्या मापानी नको. २८ मार्च २०२५ ला सुप्रीम कोर्टानी इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरचा गुन्हा रद्द केला तेव्हा परत तेच माप वापरलं. त्या आठवड्यात पोरं लायब्ररीत येऊन मूळ निवाडा मागत होती, ते एक वाक्य सगळ्यांकडे होतं, पण त्याच्या मागची-पुढची पानं वाचायची होती. पूर्ण निवाडा काढून त्यांच्या हातात देता येणं, हे काम यासाठीच असतं.

स्कॅनिंग

लोकांना वाटतं मशीनवर पुस्तक ठेवलं, बटन दाबलं, झालं. प्रत्यक्षात निम्मा वेळ बटन दाबायच्या आधी जातो. चाळीसच्या दशकातला कागद आम्लानी पिवळा पडलेला असतो, कडा बिस्किटासारख्या तुटतात, शिवण घट्ट असल्यामुळे आतल्या बाजूची अक्षरं घडीत जातात. आमच्या इथला अटेंडंट पान हातात धरून म्हणतो, "मॅडम, हे पान उलटून नाही राहिलं, जोर लावला का तुटते", मग पुस्तक सपाट न दाबता व्ही आकाराच्या पाळण्यात ठेवायचं, वरून कॅमेऱ्यानी फोटो घ्यायचा, एका पानाला दोन मिनिटं लागली तर लागू द्यायची. मूळ फाइल टिफमध्ये, म्हणजे चित्राचा बारकावा न गमावणाऱ्या प्रकारात, निदान ३०० डीपीआय (इंचाला तेवढे ठिपके), बारीक तळटीपा असतील तर ४०० किंवा ६००, आणि वाचकाला द्यायला हलकी पीडीएफ. मूळ फाइल कधी कमी साइजची करायची नाही, जागा वाचवायला म्हणून तर नाहीच, कारण तो खंड परत उघडता येईल याची खात्री नसते.

नागपूरचा उन्हाळा हा वेगळाच विषय. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि लायब्ररीत कूलर. माणसांना कूलर लागतोच पण कूलरची हवा ओली असते, बाहेर कोरडं रखरखीत आणि आत दमट, कागद फुगतो, परत सुकतो, बाइंडिंग सुटतं. शिवाय पावसाळ्यात कसर आणि वाळवी. म्हणून जुने खंड ज्या खोलीत आहेत तिथे कूलर लावायचा नाही आणि स्कॅनिंगची मोठी कामं हिवाळ्यात काढायची, हा नियम आम्ही अनुभवानी केला.

स्कॅन झाल्यावर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं मशीननी वाचून शोधता येईल असा मजकूर करणं. इंग्रजी निवाडे बरे निघतात, मराठी कागद मात्र घाम काढतात. भाडेकरू चं माडेकरू होतं, घर चं धर होतं, आणि आकड्यातला १ नि ९ एकमेकांच्या जागी जाऊन बसतात, तारखेत किंवा कलमाच्या नंबरात ही चूक राहिली तर तो कागद शोधात कधीच येणार नाही, असून नसल्यासारखा. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलींचं पण तसंच, युनिकोडमध्ये आणल्याशिवाय त्या शोधता येत नाहीत. हे हातानीच तपासावं लागतं, दुसरा उपाय मला तरी सापडला नाही.

कलमांचे आकडे

१ जुलै २०२४ पासून जुनी दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले आणि लायब्ररीच्या कॅटलॉगचं काम एकदम दुप्पट झालं. खुनाचं ३०२ आता १०३, फसवणुकीचं ४२० आता ३१८, ४९८अ आता ८५ आणि ८६. हे तरी पाठ होतं. पण ४८२ घ्या. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, एफआयआर रद्द करायला वकील तेच लावायचे, नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो आधी ४३८ होता, आणि जुनं ४८२ गेलं ५२८ वर. आता विद्यार्थी सर्चमध्ये नुसतं ४८२ टाकतो आणि त्याला दोन पूर्ण वेगळ्या विषयांचे निवाडे एकत्र येतात. म्हणून प्रत्येक नोंदीत कायद्याचं नाव, जुना कलम नंबर आणि नवा कलम नंबर अशा तीन वेगळ्या जागा कराव्या लागतात आणि वीस-तीस वर्षांच्या नोंदी परत भराव्या लागतात. कंटाळवाणं वाटेल पण डिजिटल लायब्ररीचा खरा उपयोग असल्याच कामातून होतो.

काय टाकता येतं, काय नाही

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ प्रमाणे कोर्टाचा निवाडा कोणीही छापू शकतो, कोर्टानीच मनाई केली असेल तर गोष्ट वेगळी. पण निवाडा वेगळा आणि रिपोर्टरमधलं, म्हणजे निवाडे छापणाऱ्या खंडातलं, पान वेगळं. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या केसमध्ये सुप्रीम कोर्टानी डिसेंबर २००७ मध्ये सांगितलं की मूळ निवाडा सगळ्यांचा, पण संपादकानी अक्कल वापरून घातलेले परिच्छेद, कोणत्या न्यायाधीशाचं मत कुठे जुळतं याच्या खुणा, यावर त्याचा हक्क आहे. निवाड्याच्या डोक्यावर जो सारांश असतो, हेडनोट, तो तर संपादकाचाच. त्यामुळे रिपोर्टरचं पान जसंच्या तसं अपलोड करता येत नाही, हेडनोट काढून फक्त निवाड्याचा मजकूर ठेवावा लागतो. सरकारी प्रकाशनावर हक्क असतो प्रकाशनापासून ६० वर्षं, त्या हिशोबानी सरकारी अधिकारानी निघालेले १९५६ पर्यंतचे जुने खंड मोकळे झालेत, आणि नागपूर सिरीजचं काम आधी हाती घ्यावं असं मी म्हणते ते त्यामुळेच. शिवाय कलम ५२ मध्येच २०१२ ची एक दुरुस्ती आहे, नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक लायब्ररीकडे छापील प्रत असेल तर जपण्यासाठी डिजिटल प्रत करून ठेवता येते. जपणं आणि सगळ्यांना वाटणं यातला फरक मात्र पाळायचा.

दुसरी काळजी माणसांची. घटस्फोट, पोटगी, बलात्कार यांच्या निवाड्यात नावं असतात. कपाटातल्या खंडात ते नाव होतं तेव्हा ते बघायला कोणालातरी उठून जावं लागायचं, ऑनलाइन आलं की लग्न जुळवताना पण कोणी सर्च करतं. पीडितेची ओळख उघड करणं तर गुन्हाच आहे. अशी पानं आधी वाचून, नावं झाकूनच वर चढवायची, कितीही उशीर झाला तरी.

जर्नल, प्रबंध, लिंका

संशोधन-प्रसाराच्या बाजूला लॉ कॉलेजची जर्नलं येतात. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेतल्या लॉ लायब्ररी संचालकांनी डरहॅम स्टेटमेंट काढलं, लॉ स्कूलनी आपली जर्नलं टिकाऊ, सगळ्यांना खुल्या डिजिटल स्वरूपात द्यावीत आणि छापणं थांबवावं असं त्यात म्हटलं. छापणं थांबवायच्या बाबतीत माझं मन अजून तयार नाही, वीज आणि सर्व्हर या दोन्हीवर आपल्याला तेवढा भरवसा कुठे, पण खुलं ठेवायचं हे शंभर टक्के बरोबर. ओपन जर्नल सिस्टिम्स हे सॉफ्टवेअर त्यासाठी फुकट मिळतं, पुस्तकांच्या नोंदींसाठी न्यूझीलंडचं कोहा, रिपॉझिटरीसाठी, म्हणजे संस्थेच्या डिजिटल साठ्यासाठी, एमआयटी आणि एचपीनी केलेलं डीस्पेस. सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत, माणूस लागतो, आणि बजेटमध्ये नेमका माणूसच नसतो. प्रबंधांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राचं शोधगंगा हे ऑनलाइन भांडार आहे. पीएचडीच्या पोरांना पैसे भरा-छापून घ्या वाल्या जर्नलपासून दूर ठेवणं हे पण याच टेबलाचं काम, फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनी केअर, म्हणजे मान्य जर्नलांची, यादी बंद केल्यापासून तर पोरं थेट विचारायला येतात, ताई, हे जर्नल खरं आहे का? मग संपादक मंडळ, जुने अंक, आयएसएसएन (जर्नलचा नोंदणी क्रमांक) एकेक करून सोबत बसून बघायचं.

लिंका मरतात हा मोठा रोग. हार्वर्डच्या अभ्यासात अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या निकालांमधल्या साधारण निम्म्या लिंका मूळ मजकुराकडे जात नाहीत असं निघालं, लॉ रिव्ह्यूच्या लिंका तर सत्तर टक्क्यांच्या वर. यावर तिथल्याच लॉ लायब्ररीनी २०१३ मध्ये पर्मा ही सेवा काढली, पानाची प्रत कायमची जपून ठेवणारी. आपल्याकडे सरकारी वेबसाइट नवी झाली की जुने जीआर आणि परिपत्रकांचे पत्ते बदलतात. एका मुलीच्या प्रबंधातल्या लिंका व्हायव्हाच्या आधी आम्ही दोघींनी बसून तपासल्या, आदिवासी जमिनींवरच्या प्रकरणाच्या बऱ्याच लिंकांवर पान सापडत नाही एवढंच येत होतं, तिनी स्वतः डाउनलोड करून ठेवलं होतं म्हणून निभावलं. तेव्हापासून पहिल्याच वर्षी सगळ्यांना सांगते, लिंक दिली की त्याच दिवशी वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या साइटवर, जतन करा आणि तारीख लिहा.

फुकट कायदा

कॉर्नेलनी १९९२ मध्ये कायदा इंटरनेटवर फुकट टाकायला सुरुवात केली, आपल्याकडे २००८ पासून इंडियन कानून ही वेबसाइट आहे आणि जानेवारी २०२३ पासून सुप्रीम कोर्टाचं ई-एससीआर, म्हणजे त्याच्या निवाड्यांचे ऑनलाइन खंड. हार्वर्डच्या लॉ लायब्ररीनी तर अमेरिकेचे ६७ लाख निवाडे, चार कोटीच्या आसपास पानं, खंडांच्या पाठी कापून स्कॅन केली आणि मार्च २०२४ पासून ती सगळ्यांना खुली आहेत. आपण पाठ कापायची नाही, आपल्याकडे बऱ्याच खंडांची दुसरी प्रत नसते.

सुप्रीम कोर्टाचे काही निकाल आता मराठीत पण मिळतात, अधिकृत मजकूर इंग्रजीच राहतो, पण गडचिरोलीहून आलेल्या पक्षकाराला आपली केस कशावर अडली हे त्यातून वाचता येतं. आणि मुंबई हायकोर्टानी निवाड्यांना स्वतःचे क्रमांक द्यायला सुरुवात केली आहे, कोणत्याही प्रकाशकावर न अवलंबणारे, साल, मग बीएचसी-नाग, मग आकडा. १९५६ नंतर थांबलेलं नाग हे अक्षर असं परत आलं. आमच्या कॅटलॉगमध्ये आता दोन्ही नाग एकाच शोधात येतात, जुन्या हायकोर्टाचं आणि आजच्या खंडपीठाचं, फक्त कोर्टाच्या नावाची जागा वेगळी भरावी लागते.