कापितीनी यांचा अहिंसाविचार

इटलीतील तत्त्वज्ञानाचे अध्यापक आल्दो कापितीनी (२३ डिसेंबर १८९९ – १९ ऑक्टोबर १९६८) यांनी मांडलेला आणि फॅसिस्ट राजवटीत आचरलेला अहिंसेचा विचार. त्यांना ‘इटलीचे गांधी’ म्हणतात. गांधीजींचे ऋण ते स्वतः मानत, तरी ही उपाधी अपुरी पडते. त्यांच्या विचाराची मुळे त्यांच्या आयुष्यातच होती.

पेरुजा येथील एका गरीब घरात त्यांचा जन्म झाला. वडील नगरपालिकेच्या इमारतीत राखणदारी करत आणि तिथली घंटा वाजवत. परिस्थितीमुळे आल्दो यांना हिशेबनिसाचे शिक्षण घ्यावे लागले. लॅटिन आणि ग्रीक ते नंतर स्वतःच शिकले आणि १९२४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून पीसाच्या ‘स्कुओला नोर्माले’ या नामांकित संस्थेत दाखल झाले. पुढे ते तिथेच सचिव झाले. तरुणपणापासून प्रकृती नाजूक होती. जग धडधाकट आणि कर्त्या माणसांच्या सोयीने चालते, आजारी माणूस त्यातून बाजूला पडतो, हे त्यांनी स्वतः भोगले होते.

१९२९ मध्ये पोपने मुसोलिनीशी करार केला आणि कापितीनी यांचा चर्चवरचा विश्वास उडाला. क्लाउदिओ बाल्येत्तो या मित्रासह ते विद्यार्थ्यांमध्ये असहकार, असत्य न बोलणे आणि हत्या न करणे यांचा प्रसार करू लागले. याच काळात त्यांनी मांसाहार सोडला. देश युद्धाकडे ढकलला जात असताना, प्राण्यालाही न मारणारा माणूस माणसाला कसा मारील, असा त्यामागचा विचार होता. शिष्यवृत्तीवर परदेशी गेलेले बाल्येत्तो लष्करी सेवा नाकारून परतलेच नाहीत. संस्थेचे प्रमुख, तत्त्वज्ञ जोव्हान्नी जेंतीले यांनी कापितीनींना फॅसिस्ट पक्षाचे सदस्यत्व घेण्यास सांगितले. त्यांनी नकार दिला आणि १९३३ मध्ये नोकरी गमावली. गांधीजींच्या आत्मकथेच्या १९३१ च्या इटालियन आवृत्तीला प्रस्तावना याच जेंतीले यांची होती. पुस्तकातल्या अहिंसेचा गौरव करणे आणि आपल्या संस्थेतल्या अहिंसेला जागा देणे यांतले अंतर इथे उघडे पडते.

पेरुजाला आई-वडिलांच्या घरी राहून कापितीनी खाजगी शिकवण्या करू लागले. १९३७ मध्ये तत्त्वज्ञ बेनेदेत्तो क्रोचे यांच्या शिफारशीने त्यांचे पहिले पुस्तक निघाले. विषय वरवर धार्मिक असल्याने ते सेन्सॉरच्या नजरेतून सुटले आणि फॅसिस्टविरोधी तरुणांत हातोहात फिरले. १९४२ आणि १९४३ मध्ये त्यांना तुरुंगवास घडला.

त्यांच्या विचाराचा गाभा म्हणजे आहे त्या वास्तवाला दिलेला नकार. निसर्गात मात्स्यन्याय चालतो, म्हणून तो माणसानेही मानावा, हे त्यांना मंजूर नव्हते. दुर्बल, पराभूत, आजारी, इतकेच नव्हे तर मृत माणसेही मूल्यांच्या निर्मितीत जिवंतांबरोबर सहभागी असतात, असे ते म्हणत. या कल्पनेला त्यांनी ‘सहउपस्थिती’ असे नाव दिले. ती तर्काने सिद्ध करणे अवघड आहे आणि अनेक तत्त्वज्ञांना ती पटली नाही. मात्र ती वगळली तर कापितीनींची अहिंसा केवळ लढ्याचे तंत्र उरते.

या विचाराची राजकीय बाजू म्हणजे सर्वांची सत्ता. जुलै १९४४ मध्ये, पेरुजा जर्मन ताब्यातून मुक्त झाल्यावर काही आठवड्यांतच, त्यांनी लोकांच्या खुल्या सभा सुरू केल्या. तिथे अधिकाऱ्यांसमोर कुणीही बोलावे आणि प्रत्येकाने दुसऱ्याचे ऐकावे, एवढाच नियम होता. स्थानिक अडचणींपासून राज्यघटनेपर्यंत सारे विषय तिथे चर्चेला येत. कुठल्याही पक्षात न गेल्याने संविधान सभेत मात्र त्यांना स्थान मिळाले नाही.

युद्धानंतर त्यांनी पीसा येथे नीतिशास्त्र शिकवले, पुढे काल्यारी आणि पेरुजा येथे शिक्षणशास्त्र. लष्करी सेवा नाकारणारे पिएत्रो पिन्ना यांच्यावर १९४९ मध्ये खटला चालला तेव्हा कापितीनी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. असा नकार देण्याचा हक्क इटलीच्या कायद्याने १९७२ मध्ये मान्य केला. २४ सप्टेंबर १९६१ रोजी त्यांनी पेरुजा ते असीसी ही सुमारे २४ किलोमीटरची शांतियात्रा काढली. लेखक इतालो काल्व्हीनो आणि चित्रकार रेनातो गुत्तूझो तीत चालले. कापितीनींच्या निधनानंतर १९७८ मध्ये ती पुन्हा निघाली आणि पुढेही वेळोवेळी निघत राहिली.