न झालेल्या निवडणुकीने मोठा केलेला उमेदवार

श्रीलंकेत २०१९ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत होकायंत्राच्या चिन्हावर उभे राहिलेल्या अनुरा कुमार दिसानायके यांना ३.१६ टक्के मतं पडली. विरोधक त्यांच्या लोकांना ‘तीन टक्केवाले’ म्हणून हिणवायचे. पाच वर्षांनी, २१ सप्टेंबर २०२४ ला, माणूस तोच, चिन्ह तेच आणि मतं ४२.३१ टक्के. ही झेप २०२२ च्या आर्थिक संकटामुळे घेतली गेली, असं सरसकट सांगितलं जातं. पण त्या संकटानंतर मतपेटी उघडायला दोन वर्षांहून जास्त काळ गेला, आणि मधल्या काळात ठरलेली एक निवडणूक होऊ दिली गेली नाही. त्या निवडणुकीकडे पाहिल्याशिवाय ही गोष्ट समजत नाही.

दिसानायके यांच्या जनता विमुक्ती पेरमुना (जेव्हीपी) या डाव्या पक्षाचा जुना इतिहास थोडक्यात पुरे. १९७१ आणि १९८७ ते ८९ असे दोन सशस्त्र उठाव, दोन्ही मोडून काढले गेले, दोन्ही वेळा हजारो तरुण मेले. १९८९ मध्ये संस्थापकही मारला गेला. १९९४ पासून पक्ष निवडणुकीच्या राजकारणात परतला. २०१४ मध्ये दिसानायके यांच्याकडे नेतृत्व आलं आणि त्याच वर्षी एका मुलाखतीत त्यांनी दुसऱ्या उठावातल्या हिंसेबद्दल माफी मागितली. २०१९ मध्ये शिक्षक, कामगार संघटना, महिला गट यांना घेऊन ‘नॅशनल पीपल्स पॉवर’ ही व्यापक आघाडी बांधली गेली. तरीही जुलै २०२२ मध्ये जनतेने राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांना पळवून लावल्यावर संसदेने नवा राष्ट्राध्यक्ष निवडला, तेव्हा जिंकणाऱ्या रनिल विक्रमसिंघे यांना १३४ मतं होती आणि दिसानायके यांना ३. रस्त्यावर लाखो माणसं आणि सभागृहात तीन मतं, अशी ती परिस्थिती होती.

रस्त्यावरचं वारं नेमकं कुठे वाहतंय, हे पहिल्यांदा कळणार होतं ९ मार्च २०२३ ला. त्या दिवशी देशभरातल्या ३४० स्थानिक संस्थांचं मतदान ठरलं होतं. जानेवारीत अर्ज भरले गेले आणि ऐंशी हजारांच्या वर उमेदवार उभे राहिले. अर्थसंकल्पात निवडणुकीसाठी १,००० कोटी श्रीलंकन रुपयांची तरतूदही होती. मग तिजोरीतून उत्तर आलं की पैसे नाहीत, अत्यावश्यक खर्चच होईल. सरकारी छापखान्याने रोख मिळाल्याशिवाय मतपत्रिका छापायला नकार दिला. टपाली मतदान आधी पुढे गेलं, मग ९ मार्चची तारीख २५ एप्रिल झाली आणि शेवटी तारीखच उरली नाही. तरतूद केलेला पैसा अडवू नका, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने ३ मार्चला दिला होता. त्या आदेशावरच संसदेत हक्कभंगाचा मुद्दा उपस्थित केला गेला.

पैसे नव्हते हे कारण पूर्ण खोटं म्हणता येणार नाही. देश दिवाळखोर झालेला होता, पेट्रोल क्यूआर कोड दाखवून मोजून मिळत होतं. पण खर्चाला कात्री लावायची वेळ आल्यावर ती नेमकी मतपत्रिकेवरच का चालली, याचं पटेल असं उत्तर कधी मिळालं नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस कोलंबोत निघालेल्या निषेध मोर्चावर अश्रुधूर सोडला गेला, पाण्याचा मारा झाला. त्यात जखमी झालेला आघाडीचा एक उमेदवार दुसऱ्या दिवशी दगावला. सरकारी नोकरीतून उभे राहिलेले उमेदवार तर बिनपगारी रजेवर अडकून पडले, कारण अर्ज भरलेला होता आणि निवडणूक होत नव्हती. मुदत संपलेल्या संस्था अधिकाऱ्यांच्या हाती गेल्या. मार्च २०२२ नंतर मुंबई महापालिकेवर बसलेला प्रशासक आठवला, की हे चित्र आपल्याला परकं वाटत नाही.

श्रीलंकेला ही खोड जुनी आहे. डिसेंबर १९८२ मध्ये संसदेची निवडणूकच नको म्हणून सार्वमत घेतलं गेलं, दिवा म्हणजे हो आणि मडकं म्हणजे नाही, आणि जुन्याच संसदेला आणखी सहा वर्षं मिळाली. २०२३ ची टाळाटाळ मूलभूत हक्कांचा भंग होता, असं न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२४ ला सांगितलं. तोवर राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान महिन्यावर आलं होतं.

निवडणूक लांबवण्याचा परिणाम ती लांबवणाऱ्यांच्या अपेक्षेच्या उलट झाला, असं माझं मत आहे. स्थानिक निवडणूक झाली असती तर आघाडीच्या वाट्याला काही गावं आली असती, गटारं आणि कचरा आला असता, तक्रारीही आल्या असत्या. ते काहीच आलं नाही. प्रचारासाठी उभी राहिलेली गावोगावची माणसं मात्र कामाला लागलेलीच राहिली. घराच्या ओसरीवर वीस-पंचवीस जणांना जमवून घेतलेल्या बैठकांना तिथे ‘पॉकेट मीटिंग’ म्हणतात. त्या सुरूच राहिल्या. जिल्ह्याजिल्ह्यात महिलांचे मेळावे झाले. निवृत्त सैनिकांची वेगळी फळी उभी राहिली, तीही ज्या सैन्याने हा पक्ष एकेकाळी चिरडला त्याच सैन्यातली. परदेशातल्या श्रीलंकनांनी टोरंटो, लंडनमध्ये सभागृहं भरवली. पक्षात एकमेकांना ‘सहोदरया’ म्हणतात. आपल्याकडे सहोदर हा शब्द पोथीत राहिला, तिथे तो मोर्चात ऐकू येतो.

मतदारांचं म्हणणं बहुतेक ठिकाणी साधं होतं: स्वातंत्र्यापासूनची ७६ वर्षं जुन्या पक्षांना दिली, एकदा यांना देऊन बघू. सगळीकडे मात्र ते तसं नव्हतं. एकत्र जोडलेले उत्तर आणि पूर्व प्रांत एकमेकांपासून वेगळे करण्यासाठी याच पक्षाने न्यायालय गाठलं होतं, हे तमिळ मतदार विसरले नव्हते. उत्तरेतल्या तमिळबहुल जाफना जिल्ह्यात दिसानायके यांना दहा टक्केही मतं पडली नाहीत.

रिंगणात ३८ उमेदवार होते आणि मतपत्रिका सव्वादोन फुटांच्या आसपास लांब होती. कुणालाच पन्नास टक्के न मिळाल्याने दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली, आणि तिथे हे पहिल्यांदाच घडलं. बहुसंख्य मतदारांनी मात्र एकाच नावापुढे खूण केली होती, पुढच्या पसंती दिल्याच नव्हत्या. त्यामुळे ५६,३४,९१५ चा आकडा ५७,४०,१७९ वर जाऊन थांबला. बाकी सगळे बाद झाल्यावर उरलेल्या दोघांच्या मतांत तो ५५.८९ टक्के भरला.

नोव्हेंबर २०२४ च्या संसदीय निवडणुकीत आघाडीला २२५ पैकी १५९ जागा मिळाल्या, जाफन्यात सहापैकी तीन. अडकलेली स्थानिक निवडणूक अखेर ६ मे २०२५ ला झाली. २०२३ चे अर्ज कायदा करून रद्द केले आणि सगळ्यांनी नव्याने भरले. नोव्हेंबरात ६८ लाखांवर मतं घेतलेल्या आघाडीला या वेळी ४५ लाख मिळाली, आणि ११७ सदस्यांच्या कोलंबो महापालिकेत ४८ जागा.