झिंक ऑक्साइडचे पातळ थर

काच, क्वार्ट्‌झ किंवा सिलिकॉनच्या तुकड्यावर साधारणतः एका मायक्रोमीटरच्या आगेमागे जाडीत जमवलेले झिंक ऑक्साइड (जस्ताचे ऑक्साइड). हा पदार्थ अर्धसंवाहक आहे, दाबविद्युत (दाबल्यावर पृष्ठावर विद्युतभार आणणारा) आहे आणि प्रकाशही देतो. हे तिन्ही गुण एकत्र असलेले पदार्थ मोजके; निर्वात पंपावाचून, कमी खर्चात करता येण्याजोगे त्याहून मोजके. मराठवाड्यातील उपयोजित भौतिकीच्या संशोधनात या थरांना जागा मिळाली ती बरीचशी या दुसऱ्या कारणाने.

जस्त या प्रदेशाला परके नाही. वैद्यांच्या यशद भस्मात मुख्यतः हेच ऑक्साइड असते. काळ्या, चुनखडीच्या जमिनीत पिकाला लागू पडणारे जस्त अपुरे असते, त्यामुळे झिंक सल्फेटची पिशवी शेतकऱ्याच्या ओळखीची. प्रयोगशाळेत तोच क्षार, पण शुद्ध प्रतीचा, थरासाठी चालतो. शुद्धतेचा हा मुद्दा पुढे हिरव्या दीप्तीच्या वादात निर्णायक ठरतो.

संशोधनाची पार्श्वभूमी : येथील महाविद्यालये आधी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ (१९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ) सुरू झाले, नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ चे. फेराइट (लोहाची चुंबकीय ऑक्साइडे) आणि कॅडमियम सल्फाइडचे थर हे विषय इथे रुळलेले. झिंक ऑक्साइडकडचा ओढा नॅनो पदार्थांच्या लाटेबरोबर, ढोबळमानाने २००० नंतर, वाढला असे मानणे सयुक्तिक आहे.

थर जमवण्याच्या रीती : सर्वांत रुळलेली रासायनिक स्नानाची. जस्ताच्या क्षाराच्या द्रावणात अमोनिया थेंबाथेंबाने घातला की आधी पांढरा साका येतो. अमोनिया वाढवत नेला की तो पुन्हा विरघळून द्रावण नितळ होते, कारण जस्ताच्या आयनाभोवती अमोनियाचे रेणू कडे करतात. साफ धुतलेली काचपट्टी त्यात उभी ठेवून ६० ते ९५ अंश सेल्सियसपर्यंत तापवले की ते कडे हळूहळू सुटते आणि पट्टीवर हायड्रॉक्साइड व ऑक्साइड यांचा थर धरतो. नंतर भट्टीत सुमारे ४०० अंशांना भाजला की हायड्रॉक्साइडमधले पाणी निघून जाते. अमोनियाऐवजी हेक्झामीन वापरले तर षटकोनी कांड्या उभ्या राहतात. तापमान भरभर वाढवले, तर सगळा साका पट्टीवर न बसता भांड्याच्या तळाशी जातो. नवख्या विद्यार्थ्याचे पहिले काही थर पुसताच निघतात ते बहुधा याच घाईमुळे. तप्त पट्टीवर द्रावणाचा फवारा मारणे आणि पट्टी आळीपाळीने दोन द्रावणांत बुडवणे (सिलार) याही रीती आहेत. अशा रीतींनी मिळणारा थर बहुस्फटिकी, दोषयुक्त असतो. निर्वातात वाढवलेल्या एकस्फटिकी थराशी त्याची तुलना करू नये.

रचना व दाबविद्युत : स्फटिक वुर्ट्‌झाइट जातीचा, षटकोनी; पायाची बाजू सुमारे ३.२५ अँगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग), उंची ५.२१. तांब्याच्या क्ष-किरणांनी घेतलेल्या विवर्तन आलेखात ३४.४ अंशांवरचे (००२) शिखर इतरांहून उंच निघाले, तर कण उभ्या अक्षावर रांगेत आहेत असे समजतात. या रचनेला सममितीचा मध्य नाही. म्हणून स्फटिक दाबला की धन व ऋण भारांचे मध्य एकमेकांपासून सरकतात आणि पृष्ठांवर विद्युतभार येतो. क्वार्ट्‌झमध्ये हा परिणाम झाक व प्येर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवला. मराठवाड्यात विहीर खणताना काळ्या पाषाणातून गारगोट्या निघतात, त्याही याच खनिजाच्या. अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्या की आत फिकट उजेड दिसतो. त्या उजेडाशी दाबविद्युतीचा संबंध लावला जातो, पण तुटणाऱ्या पृष्ठांवर भार वेगळे होणे हेही तितकेच ग्राह्य कारण आहे. झिंक ऑक्साइडचा दाबविद्युत गुणांक न्यूटनमागे १२ पिकोकूलमच्या आसपास, म्हणजे क्वार्ट्‌झच्या सुमारे पाचपट. शिसे-झिर्कोनियम-टायटेनियमच्या सिरॅमिक (भाजून घडवलेल्या) पदार्थांपुढे मात्र तो किरकोळ आहे. त्याचा अर्धसंवाहकपणाही इथे आडवा येतो : स्फटिकातले मोकळे इलेक्ट्रॉन दाबाने आलेला भार झाकून टाकतात. वांग व साँग यांनी २००६ मध्ये झिंक ऑक्साइडच्या नॅनोतारा वाकवून वीज मिळवल्याचे जाहीर केल्यावर या गुणाकडे पुन्हा लक्ष गेले.

विद्युत गुण : बँड गॅप (बांधलेला इलेक्ट्रॉन वीज वाहण्यासाठी मोकळा करायला लागणारी ऊर्जा) सुमारे ३.३७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. थर मुद्दाम काही न मिसळताही ऋण (एन) प्रकारचा, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी वीज वाहणारा, निघतो. जुने स्पष्टीकरण ऑक्सिजनच्या रिक्त जागांचे. व्हॅन द वाले यांनी २००० मध्ये गणिताने दाखवले की नकळत शिरलेला हायड्रोजनही इलेक्ट्रॉन पुरवतो. पाण्यात, अमोनियात वाढलेल्या थरांच्या बाबतीत हे दुसरे मत अधिक जवळचे वाटते.

हिरवी दीप्ती : अतिनील किरण टाकले की दोन पट्टे दिसतात. ३८० नॅनोमीटरजवळचा अरुंद पट्टा एक्सायटॉनचा, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा यांच्या बांधलेल्या जोडीचा. ही जोडी ६० मिलीइलेक्ट्रॉन-व्होल्टने बांधलेली असते, खोलीच्या उष्णतेची ऊर्जा २६ च्या आसपास. त्यामुळे ती टिकते. याविषयी दुमत नाही. दुसरा पट्टा रुंद, हिरवा, ५०० ते ५५० नॅनोमीटरचा, आणि त्याचे मूळ आजही वादाचे आहे. डिंगल यांनी १९६९ मध्ये अतिशीत तापमानाला या पट्ट्यात बारीक रेषा दाखवून तो तांब्याच्या अशुद्धीला जोडला. व्हॅनह्यूस्डेन व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये एक इलेक्ट्रॉन धरून असलेल्या ऑक्सिजन-रिक्तिकेकडे (ऑक्सिजनच्या रिक्त जागेकडे) बोट दाखवले. हे मत झपाट्याने पसरले. मात्र त्यांनी आधारासाठी घेतलेला १.९६ चा चुंबकीय अनुस्पंदन संकेत (चुंबकीय क्षेत्रात एकट्या इलेक्ट्रॉनची मिळणारी खूण) पुढे उथळ दात्यांचा, म्हणजे इलेक्ट्रॉन सहज सोडणाऱ्या अशुद्धी व दोषांचा, मानला जाऊ लागला. तिसरा पक्ष जस्ताच्या रिक्तिकेचा. गणिती अभ्यास तिच्या बाजूने आहेत. रेषांसह दिसणारा हिरवा पट्टा तांब्याचा आणि रेषाविरहित पट्टा दोषांचा, म्हणजे एकाच रंगामागे निदान दोन कारणे, ही मांडणी सर्वांत समाधानकारक दिसते.

याचा येथील कामाशी थेट संबंध आहे. खोलीच्या तापमानाला त्या बारीक रेषा पुसल्या जातात, तेव्हा त्या तापमानाला घेतलेल्या एका आलेखावरून ‘हिरवा पट्टा ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे’ असे लिहिणे सबळ ठरत नाही. प्रबंधांतून ते वाक्य सवयीने उतरते. दशलक्षांत काही भाग तांबेही पुरेसे असते, आणि स्वस्त प्रतीच्या क्षारात तेवढे सहज राहून जाते. क्षाराची प्रत नोंदवणे, तांबे मोजून घेणे आणि थर ऑक्सिजनमध्ये व निर्वातात असा दोन्हीकडे भाजून पट्टा कसा बदलतो ते पाहणे, एवढे केले तरी छोट्या महाविद्यालयातील थराची साक्ष या वादात मोलाची ठरते. अतिशीत मापनासाठी नमुने इंदूरच्या यूजीसी-डीएई कन्सोर्टियमसारख्या (विद्यापीठांसाठीच्या सामाईक संशोधनकेंद्रासारख्या) ठिकाणी न्यावे लागतात.

उपयोग : दिवा करायचा तर धन (पी) प्रकारचा, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागांनी वीज वाहणारा, थरही लागतो, आणि तो टिकाऊ करणे अवघड गेले. जपानमध्ये २००५ मध्ये झिंक ऑक्साइडचा एलईडी उजळला. तोवर निळा उजेड गॅलियम नायट्राइडने काबीज केला होता (नोबेल, २०१४). वायूसंवेदक मात्र जुने व सोपे : सेइयामा यांनी १९६२ मध्ये दाखवले की तापलेल्या थराचा रोध वायूच्या स्पर्शाने बदलतो. हवेतला ऑक्सिजन पृष्ठावर इलेक्ट्रॉन अडकवतो, गॅस किंवा मद्यार्काची वाफ तो ऑक्सिजन काढून घेते आणि इलेक्ट्रॉन परत मोकळे होतात. येथील प्रयोगशाळांना हे मापन सोयीचे पडते. भट्टी, मीटर आणि बंद पेटी एवढ्यावर ते होते.

सर्वांत पसरलेला उपयोग थराचा नाही, चकतीचा. बिस्मथ ऑक्साइड मिसळून भाजलेल्या झिंक ऑक्साइडच्या चकत्या नेहमीच्या विद्युतदाबाला (व्होल्टेजला) वीज अडवतात आणि तो उसळला की क्षणात वाट मोकळी करतात. कणांच्या सीमांवरचा अडथळा तेवढ्यापुरता कोसळतो. वळवाच्या विजांपासून रोहित्रे वाचवणाऱ्या अरेस्टरमध्ये याच चकत्या एकावर एक रचलेल्या असतात.