घरातल्यांचा मूड आपल्याला लागतो कसा?

पडलेलं पोर लगेच रडत नाही बघा, आधी मान वर करून आईबापाचं तोंड बघतं. तिथे घाबरगुंडी दिसली की भोंगा सुरू, नाहीतर उठून परत पळायला मोकळं.

यावर १९८५ साली अमेरिकेत एक भारी प्रयोग छापून आला. वर्षभराची बाळं एका टेबलावर ठेवली, टेबलाचा पुढचा भाग जाड काचेचा आणि काचेखाली फूटभर खड्डा, म्हणजे पडणार तर नाही पण खड्डा डोळ्यांना दिसतोय, त्यामुळे जायचं की नाही हे बाळालाच ठरवता येईना. पलीकडे आई. तिने बोलायचं नाही, फक्त चेहरा करायचा. आई हसली तेव्हा १९ पैकी १४ बाळं काचेवरून रांगत आली. आईने घाबरल्याचा चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही नाही!

मग चेहरा नीट ठेवला की झालं? तेवढंही सोपं नाहीये. २०१४ च्या एका अभ्यासात आयांना बाळापासून लांब नेऊन परीक्षकांसमोर भाषण द्यायला लावलं, आणि काही जणींसमोरचे परीक्षक मुद्दाम कपाळाला आठ्या घालून, नापसंतीच्या माना हलवत बसले. नंतर बाळ मांडीवर दिलं तर थोड्याच वेळात त्याच्या शरीरातला ताणही आईच्या ताणामागे वरखाली व्हायला लागला. बाळाने यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं. आवाज, स्पर्श, अंगातला ताठपणा, कशातून तरी पोचतंच ते. आणि आपण मात्र पोरगं चिडकं झालं की 'बापावर गेलाय' म्हणून रक्तावर ढकलतो, रक्ताचा वाटा असतो मान्य, पण बापाला चिडताना रोज बघतोय त्याचं काय?

बरं, घरातून नुसतं टेन्शनच मिळतं असंही नाही. जेम्स कोन या मानसशास्त्रज्ञाने २००६ मध्ये १६ विवाहित बायकांचे मेंदू स्कॅन केले, आता पायाला शॉक बसू शकतो असं सांगून. नवऱ्याचा हात हातात असला की मेंदूची धोक्याची धावपळ कमी व्हायची. परक्या माणसाच्या हातानेही थोडा फरक पडला. सगळ्यात जास्त फरक मात्र ज्यांचं नवऱ्याशी छान जमायचं त्यांच्यात दिसला, आणि तिथे नवरा काही करत नव्हता हो, नुसता हात धरून होता.