‘माळावर जाऊन येतो’ : पार्श्वभूमी

सुट्टीच्या दिवशी पहाटे नान्नजच्या, म्हणजे शहराजवळच्या माळढोक अभयारण्याच्या, रस्त्याला लागणारे सोलापूरकर ‘पक्षी बघायला चाललो’ असं सांगतात. त्यातल्या बऱ्याच जणांना खरं तर तासभर गप्प बसायचं असतं. माळावर ना डोंगर, ना धबधबा. नजर कुठे अडत नाही आणि मनालाही लपायला आडोसा मिळत नाही.

ही ओढ जुनी आहे. सोलापूरच्या ग्रामदैवताची, सिद्धेश्वरांची, कथाच गुरं राखणाऱ्या पोरापासून सुरू होते. जंगमाच्या रूपात आलेल्या देवाने हुरडा मागितला, मग दहीभात. भात आणेपर्यंत देव दिसेनासा झाला आणि पोर त्याला शोधत थेट श्रीशैलाला गेलं. परतल्यावर, बाराव्या शतकात, त्यांनी तळं खणलं. माती उपसून स्वतःची ओळख पटते का, असं एका शरणाने (शिवभक्त संताने) त्यांना तळ्यावर येऊन छेडल्याचंही सांगतात. माझ्या मते हा प्रश्न या गावाने अजून सोडलेला नाही.

पुढे गिरण्या आल्या. भोंग्यावर चालणाऱ्या शहराला माळ म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा, एवढंच.

खरा घोळ ‘पडीक’ या शब्दाने घातला. सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन), बोलण्यात पडीक, मग ‘ही जमीन काही कामाची नाही’ हे ओघानेच आलं. १९७२ च्या दुष्काळानंतर पडीक जमीन हिरवी करायची म्हणून झाडं लावली गेली, त्यात गिरिपुष्पासारखी परकी झाडंही होती. हेतू चांगलाच होता. पण माळढोक हा गवताळ माळावरचा मोठा पक्षी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो आणि धोका लांबूनच दिसावा लागतो. त्याच्यासाठी ते गवतच रान होतं.

१९७९ मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झालं, ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात शेतं आली, वस्त्या आल्या. जमिनीचे व्यवहार अडले आणि लोकांच्या मनात पक्ष्याबद्दलच अढी बसली. पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ वर आणलं. शेतकऱ्यांचा त्रास खरा होता, ते करणं भाग होतं. पण त्या वर्षांत चर्चा झाली ती हद्दीची. गवत का राखायचं, हे गावात बसून समजावून सांगायला हवं होतं, आणि ते फार कमी झालं. आज तिथे माळढोक दिसणं दुर्मिळ आहे.

तरी लोक जातात. धाविक पक्षी चार पावलं पळतो, थबकतो, पुन्हा पळतो. चंडोल गात गात वर चढतो आणि दिसेनासा झाला तरी ऐकू येत राहतो. हे बघायला एका जागी बसावं लागतं. पहिली दहा मिनिटं हात खिशातल्या मोबाईलकडे जातो, नंतर जात नाही. पावसाळ्यानंतर गेलात तर घरी येऊन पायमोज्यातली कुसळं काढत बसावं लागतं. ओल लागली की त्यांचा पीळ उलगडतो आणि बी फिरत फिरत मातीत शिरतं. कापडातही ते तसंच शिरतं, म्हणून ओढून निघत नाही. एकेक कुसळ हळूच फिरवून काढावं लागतं.